फिरत्या पार्टचा स्ट्रेस सॉफ्टवेअरमध्ये भलताच येतोय? या क्रमाने तपासा

पुली, फ्लायव्हील, पंख्याचा हब, इम्पेलर, कपलिंग. पार्ट कुठलाही असो, कॅडमध्ये मॉडेल करून त्यावर फिरण्याचा लोड टाकला की त्याच त्या गडबडी पुन्हा पुन्हा दिसतात. भोसरी, चाकण, शिरोलीकडच्या वर्कशॉपांची अशी मॉडेलं माझ्याकडे तपासायला येतात. सॉफ्टवेअर वेगवेगळी असतात, चुका मात्र त्याच असतात. बहुतेक वेळा सॉल्व्हर (सॉफ्टवेअरमधला हिशेब सोडवणारा भाग) बरोबर असतो आणि त्याला दिलेली माहिती चुकलेली असते. म्हणून मेश (हिशेबासाठी पार्टचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक करायला किंवा महागडं लायसन्स घ्यायला धावण्याआधी हे वाचा.

लक्षणं

- स्ट्रेस हजारांत येतो. जी चकती प्रत्यक्षात वर्षानुवर्षं निवांत फिरते आहे तिच्यात सॉफ्टवेअर २३०० मेगापास्कल दाखवतं.
- उलट, स्ट्रेस जवळजवळ शून्य येतो आणि रंगपट्टी सगळी निळी.
- एका टोकदार कोपऱ्यात लाल ठिपका दिसतो. मेश बारीक करावा तसा तिथला आकडा वाढतच जातो.
- पार्ट चारी बाजूंनी सारखा आहे, पण रंगांचे पट्टे एका बाजूला झुकलेले.
- सॉल्व्हर अडकतो, किंवा पार्ट काही मीटर सरकल्याचं दाखवतो.
- आकडा पटण्यासारखा, फॅक्टर ऑफ सेफ्टी उत्तम, पण सगळ्यात जास्त स्ट्रेस बोअरच्या (मधल्या भोकाच्या) कडेने गोल दिशेत यायला हवा तिथे तो फारच कमी आहे.

शेवटचं लक्षण मुद्दाम वेगळं सांगतो, कारण ते लक्षण वाटतच नाही. २३०० मेगापास्कल बघून कोणीही थांबतो आणि चूक शोधतो. १७ मेगापास्कल बघून ड्रॉइंगवर सही होते. फिरत्या पार्टमध्ये मला जास्त भीती कमी आलेल्या आकड्याची वाटते.

पहिली तपासणी: कागद, पेन, कॅल्क्युलेटर

यात खर्च काही नाही, वेळ पाच मिनिटं. पातळ रिंग फिरते तेव्हा तिच्यातला गोल दिशेचा स्ट्रेस म्हणजे घनता गुणिले रिमच्या (बाहेरच्या कडेच्या) वेगाचा वर्ग. स्टीलची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर आणि रिमचा वेग १०० मीटर प्रति सेकंद धरला तर ७८.५ मेगापास्कल. हा एक आकडा डोक्यात पक्का असला की पुढे पुष्कळ चुका नुसत्या नजरेने पकडता येतात.

मधोमध भोक असलेल्या सपाट चकतीसाठी थोडं मोठं सूत्र लागतं. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले घनता, त्याला ४ ने भागा. मग त्याला (३.३ × बाहेरच्या त्रिज्येचा वर्ग + ०.७ × बोअरच्या त्रिज्येचा वर्ग) याने गुणा. हा बोअरच्या कडेचा स्ट्रेस, आणि तोच चकतीतला सर्वांत मोठा. (३.३ आणि ०.७ हे आकडे पॉयसन रेशो, म्हणजे ताणल्यावर आडवं आकसण्याचं प्रमाण, ०.३ धरून आलेले आहेत.)

पुढे सगळीकडे मी एकच चकती वापरतो, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. स्टील, बाहेरचा व्यास ४०० मि.मी., बोअर ६० मि.मी., जाडी ४० मि.मी., वेग ३००० आरपीएम. ३००० आरपीएम म्हणजे ३१४.१६ रेडियन प्रति सेकंद. उत्तर येतं २५.७ मेगापास्कल. रिमवर तोच स्ट्रेस फक्त ६ मेगापास्कल असतो.

तुमच्या पार्टला हब असेल, आरे असतील, कीवे (चावीची खाच) असेल, तर उत्तर तंतोतंत जुळणार नाही. जुळायला हवं असंही नाही. पण कागदावर २५ आणि स्क्रीनवर २५०० असेल तर चूक माहिती भरण्यात आहे, एवढं नक्की कळतं. हा हिशेब न करता पुढच्या तपासण्या करण्यात अर्थ नाही, कारण ताडून बघायला तुमच्याकडे काहीच नसतं.

वेगाचं युनिट

सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक हीच. ३००० हा आकडा टाकला आणि समोरचं युनिट रेडियन प्रति सेकंद राहिलं, तर वेग ९.५५ पट झाला. स्ट्रेस वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो ९१ पट होतो. २५.७ चे २३४० मेगापास्कल होतात ते असे. उलट ३१४ टाकून युनिट आरपीएम राहिलं तर स्ट्रेस ९१ पटीने घटतो आणि सगळं निळं दिसतं. फेरे प्रति सेकंद म्हणजे ५० टाकले आणि युनिट रेडियनचं असलं, तर साधारण ३९ पट कमी.

म्हणून आधी सॉफ्टवेअरचा आकडा भागिले कागदावरचा आकडा करा. भागाकार ९१ किंवा ३९ च्या आसपास आला, सरळ किंवा उलटा, तर पुढे शोधत बसू नका. ॲन्सिसमध्ये आरपीएम की रेडियन हे वरच्या युनिट्सच्या मेनूत ठरतं आणि दुसऱ्या कोणीतरी ते बदलून ठेवलेलं असतं. कॅल्क्युलिक्स हा सॉल्व्हर थेट वापरत असाल तर फिरण्याचा लोड देणाऱ्या सेंट्रिफच्या ओळीत वेग नव्हे, वेगाचा वर्ग द्यायचा असतो. म्हणजे आपल्या चकतीसाठी ३१४ नाही, ९८६९६.

याच टप्प्यावर आणखी एक विचारून घ्या: यंत्र खरंच किती वेगाने फिरणार आहे? मोटरच्या प्लेटवर १४४० लिहिलेलं असतं आणि विश्लेषण त्यावर होतं. मग कोणीतरी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवून ५० चे ६० हर्ट्‌झ करतं. वेग १.२ पट, स्ट्रेस १.४४ पट. ड्रॉइंगवर याची नोंद कुठेच नसते, म्हणून शॉपफ्लोअरवरच्या माणसाला फोन करून विचारावं.

घनता, आणि पार्टचं वजन

सॉफ्टवेअरला पार्टचं वजन विचारा. आपल्या चकतीचं साधारण ३८.६ किलो यायला हवं. पार्ट तयार असेल तर सरळ काट्यावर ठेवा.

कारण फिरण्याचा लोड म्हणजे वस्तुमानाचाच लोड. बाहेरून दाब दिलेल्या साध्या विश्लेषणात घनता चुकली तरी उत्तर बदलत नाही. त्यामुळे ब्रॅकेट आणि फ्रेमची विश्लेषणं वर्षानुवर्षं करणाऱ्यांनाही घनतेकडे बघायची सवय नसते. मिलिमीटर, न्यूटन आणि सेकंद या पद्धतीत स्टीलची घनता ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात अशी, टन प्रति घन मि.मी. मध्ये द्यावी लागते. किलो प्रति घन मि.मी. समजून उणे ६ वा घात टाकला की स्ट्रेस बरोबर हजार पट येतो. सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअर युनिट स्वतः सांभाळतात, पण मटेरियल हाताने बनवलं असेल तर तिथेही घनतेचा रकाना उघडून बघाच.

अर्ध्या वेगावर चालवून बघा

तेच मॉडेल १५०० आरपीएमवर सोडवा. स्ट्रेस बरोबर पाव व्हायला हवा, २५.७ चा ६.४. झाला नाही, तर मॉडेलमध्ये फिरण्याशिवाय दुसरं काहीतरी आहे: आधीच्या स्टडीतून राहून गेलेला बेल्टचा ओढा, तापमानाचा लोड, किंवा प्रेसफिटचा (दाबून बसवलेल्या जोडाचा) कॉन्टॅक्ट. त्यातलं काही मुद्दाम ठेवलं असेल तर हरकत नाही, पण ते आहे हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

आस कुठे आहे?

रंगांचे पट्टे एका बाजूला झुकलेले दिसले तर आसच तपासा. असेंब्लीतून पार्ट उचलला की मूळबिंदू बऱ्याचदा बेअरिंग हाउसिंगच्या कोपऱ्यात राहतो आणि सॉफ्टवेअर चकतीला त्या कोपऱ्याभोवती गरागरा फिरवतं. आधारावरची एकूण प्रतिक्रिया वाचा. सममित, पूर्ण चकतीसाठी ती जवळपास शून्य यायला हवी. किलोन्यूटनमध्ये आली तर आस सरकलेली आहे, किंवा पार्ट खरोखरच असंतुलित आहे. दुसऱ्या प्रकारात सॉफ्टवेअर तुम्हाला खरं सांगतंय आणि बॅलन्सिंगचा विचार आत्ताच करायला हवा.

बोअर कसा धरलाय

इथे थांबून नीट वाचा, कारण कमी आकड्याचा धोका इथूनच येतो.

पार्ट शाफ्टवर बसतो, म्हणून बोअर सिलेक्ट करून फिक्स्ड द्यायची सवय सगळ्यांना असते. सॉल्व्हर खूश, आकडा येतो. पण फिक्स्ड म्हणजे बोअर कणभरही मोठा होऊ शकत नाही. प्रत्यक्षात चकती फिरली की बाहेर ताणली जाते आणि तिच्यासोबत बोअरही फुगतो. आपल्या चकतीत बोअरचा व्यास ३००० आरपीएमला साधारण ७.३ मायक्रॉनने वाढतो. हे फुगणं अडवलं की गोल दिशेचा स्ट्रेस तिथे तयारच होत नाही.

किती फरक पडतो ते बघा. पातळ चकतीच्या सूत्राने बोअर मोकळा असताना गोल दिशेचा स्ट्रेस २५.७ मेगापास्कल. बोअर पूर्ण जखडला की तोच ५.७ वर येतो. त्रिज्येच्या दिशेने १९ मेगापास्कलचा खोटा ओढा उभा राहतो आणि व्हॉन मिसेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एकच आकडा) १७ च्या आसपास दिसतो. म्हणजे मूळ आकड्याचा दोन तृतीयांश. हा १७ काही वेडगळ दिसत नाही, म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांत येत नाही. त्यात चकती फुटते ती बोअरपासून, गोल दिशेच्या स्ट्रेसने, आणि कीवेचा कोपराही तिथेच असतो. नेमक्या त्याच जागी सॉफ्टवेअर तुम्हाला ५.७ सांगत असतं.

उपाय असा. आधार सिलिंड्रिकल कोऑर्डिनेटमध्ये द्या. त्रिज्येची दिशा मोकळी, फिरण्याची दिशा बंद, आणि आसेच्या दिशेने फक्त एका कडेला बंद. ॲन्सिसमध्ये सिलिंड्रिकल सपोर्टमध्ये रेडियलला फ्री करता येतं. सॉलिडवर्क्समध्ये ॲडव्हान्स्ड फिक्स्चरमध्ये सिलिंड्रिकल फेसचा पर्याय आहे, तिथे रेडियलचं बटण दाबू नका.

मला स्वतःला त्याहून सोपा वाटतो तो अर्धा किंवा पाव पार्ट कापून सिमेट्री देण्याचा मार्ग. कापलेल्या पृष्ठभागांवर सिमेट्री दिली की पार्ट फिरण्याच्या दिशेने आपोआप धरला जातो आणि बोअर मोकळा राहतो. आसेच्या दिशेचं सरकणं, आणि अर्धा पार्ट असेल तर कापाच्या रेषेतलंही, मात्र वेगळं बंद करा, नाहीतर सॉल्व्हर अडकतो किंवा पार्ट सरकत जातो. मेशही कमी लागतो. कीवे असेल तर कीवेच्या मधून अर्धा कापा. वर एक फुकटची तपासणी मिळते: आपली चकती अर्धी कापली तर कापलेल्या पृष्ठभागांवरची एकूण प्रतिक्रिया साधारण १६५ किलोन्यूटन यायला हवी. अर्ध्या चकतीचं वस्तुमान, तिच्या गुरुत्वमध्याचं आसेपासूनचं अंतर आणि वेगाचा वर्ग यांचा हा गुणाकार. तो जुळला तर घनता, वेग आणि आस, तिन्ही एकदम बरोबर ठरतात.

इम्पेलरचा एकच पाकळीएवढा तुकडा घेत असाल तर कोन बरोबर ३६० भागिले पाकळ्यांची संख्या असाच हवा, आणि दोन्ही कापलेल्या बाजूंना सायक्लिक सिमेट्री हवी. साधी सिमेट्री वाकड्या पाकळ्यांना चालत नाही.

शाफ्ट, हब आणि चिकटलेला कॉन्टॅक्ट

शाफ्टसकट असेंब्ली सोडवत असाल तर कॉन्टॅक्ट बघा. बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून बॉन्डेड देतात, म्हणजे हब शाफ्टला वेल्ड केल्यासारखा. मग बोअर फुगायला निघाला की शाफ्ट त्याला आत ओढून धरतो, आणि फिक्स्डचीच चूक वेगळ्या वेषात परत येते.

६० मि.मी. बोअरला एच७/पी६ फिट घेतला तर टॉलरन्सप्रमाणे इंटरफिअरन्स (शाफ्ट बोअरपेक्षा जितका मोठा तो फरक) २ ते ५१ मायक्रॉन कुठेही पडू शकतो. बोअर ७.३ मायक्रॉन वाढतो. ज्या जोडीत इंटरफिअरन्स २ च पडला, तिची पकड ३००० आरपीएमच्या आधीच सुटलेली असते. बॉन्डेड मॉडेल हे तुम्हाला कधीच दाखवणार नाही. म्हणून दोन वेळा सोडवा: कमीत कमी इंटरफिअरन्स घेऊन पकड टिकते का ते बघायला, आणि जास्तीत जास्त घेऊन हबमधला स्ट्रेस बघायला. कॉन्टॅक्ट आल्यावर अर्ध्या वेगाला पाव स्ट्रेस हा नियम लागू पडत नाही, तेव्हा ती तपासणी त्याआधीच उरकलेली असावी.

लाल ठिपका आणि मेश

कीवेचा कोपरा मॉडेलमध्ये काटकोनी, धारदार ठेवला तर तिथला स्ट्रेस गणिताप्रमाणे अनंत असतो. मेश जितका बारीक तितका आकडा मोठा. अशा ठिपक्याला घाबरून पार्ट जाड करू नका, आणि "तो तर सिंग्युलॅरिटीचा (नुसत्या गणिताचा) आहे" म्हणून सोडूनही देऊ नका. ड्रॉइंगवर त्या कोपऱ्याला जो रेडियस आहे तो मॉडेलमध्ये द्या. ड्रॉइंगवर नसेल तर कटरने प्रत्यक्षात किती येतो ते मशीनवाल्याला विचारा. मग त्या रेडियसवर मेश अर्धा करून पुन्हा सोडवा. आकडा पाच टक्क्यांहून कमी हलला तर तो खरा मानायला हरकत नाही.

एलिमेंटही, म्हणजे मेशचे तुकडेही, बघा. ड्राफ्ट क्वालिटीचे, म्हणजे चार नोडचे (फक्त कोपऱ्यांवर बिंदू असलेले) टेट्रा गरजेपेक्षा ताठर वागतात आणि कोपऱ्यातला स्ट्रेस कमी दाखवतात. दहा नोडचे घ्या. रिझल्ट सरासरी न काढलेल्या रूपातही बघा; शेजारशेजारच्या एलिमेंटमध्ये मोठी उडी दिसली तर मेश अजून जाड आहे.

कुठला स्ट्रेस वाचताय?

कास्ट आयर्नच्या पार्टला व्हॉन मिसेस लावू नका. ते लवचिक, वाकून मग तुटणाऱ्या धातूंसाठी आहे. ग्रे आयर्न वाकत नाही, तडकतो. तिथे सर्वांत मोठा प्रिन्सिपल स्ट्रेस (कुठल्याही एका दिशेतला सर्वांत मोठा सरळ ताण) घ्या आणि तो ताणातल्या ताकदीशी ताडा. एफजी २६० ची ती २६० मेगापास्कल.

पण एवढ्यानेही निर्धास्त होऊ नका. कास्ट आयर्नच्या व्ही-बेल्ट पुलीला रिमच्या वेगाची रूढ मर्यादा साधारण ३३ मीटर प्रति सेकंद आहे. ७२०० ची घनता धरून रिंगच्या सूत्रात टाकलं तर तिथे स्ट्रेस येतो जेमतेम ८ मेगापास्कल. मग २६० ची ताकद असताना मर्यादा एवढी खाली का? कारण कास्टिंगमध्ये ब्लोहोल असतात, आकसताना राहिलेला ताण असतो, आरे रिमला जागोजागी आत ओढतात, वर बेल्टचा ओढा. यातलं तुमच्या मॉडेलमध्ये काहीच नाही. मघाचा व्हीएफडी इथे पुन्हा आठवा: ४०० मि.मी. पुली १४४० आरपीएमला ३०.२ मीटर प्रति सेकंदावर असते, म्हणजे मर्यादेच्या आत. ६० हर्ट्‌झला ती ३६.२ वर जाते. सॉफ्टवेअर तेव्हाही हिरवाच कौल देईल. तिथे सॉफ्टवेअरचं ऐकू नका, पुली बदला.

पातळ पाकळ्या

पंख्याची पातळ पाकळी फिरताना बाहेर ओढली जाऊन सरळ होऊ पाहते आणि त्याच ओढीने ताठरही होते. साधं लिनिअर विश्लेषण हे धरत नाही, त्यामुळे मुळाशी वाकण्याचा स्ट्रेस बऱ्याचदा फुगवून दाखवतं. लार्ज डिस्प्लेसमेंट चालू करून पुन्हा सोडवा. उत्तर ठळकपणे बदललं तर पुढचं सगळं काम त्याच पद्धतीने करा.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

वरचं सगळं एका स्थिर वेगाच्या, न तडकलेल्या पार्टसाठी आहे. खालच्या परिस्थितीत स्वतः निर्णय घेऊ नका.

सगळ्या तपासण्या बरोबर येऊनही स्ट्रेस यील्डच्या (जिथे धातू कायमचा ताणला जायला लागतो त्या आकड्याच्या) जवळ असेल. ओव्हरस्पीड धरून बघा: मोटरसाठी आयईसी ६००३४ या मानकात १.२ पट वेगाला दोन मिनिटं, कॉम्प्रेसरच्या इम्पेलरसाठी एपीआय ६१७ या मानकात ११५ टक्के वेगाला निदान एक मिनिट. म्हणजे स्ट्रेस अनुक्रमे १.४४ आणि १.३२ पट. तेवढ्याने यील्ड ओलांडत असेल तर प्लॅस्टिसिटीचं काम आहे, ते अनुभवी विश्लेषकाकडेच द्या.

यंत्र दिवसातून अनेकदा चालू-बंद होत असेल, किंवा ठरावीक वेगाला थरथरत असेल. पहिल्यात फटीग (पुन्हा पुन्हा लोड येऊन थकणं) आहे, दुसऱ्यात रेझोनन्स (ठरावीक वेगाला कंप वाढत जाणं). स्थिर स्ट्रेसचं चित्र दोन्हींबद्दल गप्प असतं. त्यासाठी फटीगचा हिशेब आणि कॅम्पबेल डायग्राम (कुठल्या वेगाला रेझोनन्स येईल ते दाखवणारा आलेख) लागतो, प्रत्यक्ष व्हायब्रेशन मोजावं लागतं.

पार्टला तडा दिसला असेल, वेल्डिंगने दुरुस्त केला असेल, किंवा तो गंजणाऱ्या वातावरणात, वाफेत चालत असेल. १९६९ मध्ये इंग्लंडमधल्या हिंकली पॉइंट ए वीजकेंद्रात टर्बाइनची चकती फुटली ती कीवेमधल्या स्ट्रेस करोजनच्या भेगांमुळे. नव्या, स्वच्छ भूमितीचं मॉडेल अशा भेगा दाखवत नाही. इथे आधी यंत्र बंद, मग डाय पेनिट्रंट किंवा अल्ट्रासॉनिक तपासणी, आणि त्यानंतरच विश्लेषण.

आणि फुटला तर तुकडे माणसांपर्यंत पोचतील असा कुठलाही पार्ट, मग आकडा कितीही चांगला असो. गार्ड, बॅलन्सिंग आणि गरज असेल तर स्पिन टेस्ट (पार्ट प्रत्यक्ष वेगाने फिरवून घेतलेली चाचणी) यांचा निर्णय जबाबदारी घेणाऱ्या तज्ज्ञाच्या सहीनेच व्हावा.

त्याच्याकडे जाताना नुसती रंगीत चित्रं पाठवू नका. कागदावरचा हिशेब, पार्टचं काट्यावरचं वजन, कमाल वेग (व्हीएफडीसकट), मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट, बोअर आणि शाफ्टची प्रत्यक्ष मोजलेली मापं, दिवसातून किती वेळा यंत्र चालू-बंद होतं, आणि आधार कसे दिलेत ते दाखवणारा स्क्रीनशॉट. एवढं हातात असलं की त्याला मूळ प्रश्नावर पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येतं.